एका जमिनीखालच्या दोन दौलती

नागपूरहून उत्तरेस निघून सावनेर मागे टाकले, की महाराष्ट्राची सरहद्द संपल्याची जाणीव रस्त्याकडेच्या पाटीखेरीज दुसऱ्या कशानेही होत नाही. कपाशी तीच, तुरीच्या ओळी त्याच, संत्र्यांच्या बागांभोवतीची काटेरी कुंपणे तीच, आणि बोरगावच्या औद्योगिक वसाहतीपासून सौंसरच्या बाजारापर्यंत कानांवर पडणारी मराठीही नागपुरी-वऱ्हाडी वळणाचीच. खरी सरहद्द लागते ती त्यापुढे, सिल्लेवानीच्या घाटात, जेथे रस्ता सातपुड्यावर चढतो आणि छिंदवाड्याच्या पठाराकडे वळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशाच्या वाट्यास आला, आणि नागपूर ही या मुलखाची राजधानी राहिली नाही. बाजारपेठ मात्र राहिली, आणि ती आजही आहे. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात सौंसर आणि पांढुर्णा या घाटाखालच्या दोन तहसिली छिंदवाड्यातून अलग काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. इतरत्र हे नाव ठाऊक असते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीमुळे. त्या दिवशी वार्ताहर येतात, जखमींची संख्या टिपतात आणि निघून जातात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत या जमिनीतून काय उपसले जाते आणि कोणत्या भावाने, याची मोजदाद करण्यास सहसा कोणी येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तीच मोजदाद होय.

जिल्ह्याच्या या वाटणीत कोळसा घाटावर राहिला. परासिया आणि जुन्नारदेव येथील पेंच-कान्हान क्षेत्राच्या खाणी छिंदवाड्याकडेच आहेत, आणि ऊर्जासंक्रमणाविषयी आपल्याकडे जे गंभीरपणे लिहिले जाते ते बहुधा अशा गावांविषयी असते: खाण बंद झाल्यावर कामगाराने काय करावे, वसाहतीचे काय व्हावे, महसुलाची तूट कशी भरावी. हे प्रश्न खरेच मोठे आहेत. परंतु ज्या जिल्ह्यात कोळशाचा एक डलाही निघत नाही त्याचा या संक्रमणाशी संबंध नाही, अशी जी समजूत होते ती मात्र चुकीची आहे. कारण ऊर्जेचा भाव बदलला की त्या ऊर्जेने जमिनीतून जे जे वर काढले जाते त्या सर्वांचा भाव बदलतो, आणि पांढुर्णा जिल्हा तर जमिनीतून वर काढण्यावरच जगतो.

येथे जमिनीखाली दोन दौलती आहेत. सौंसरच्या भागात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांखालून, त्याहून कितीतरी प्राचीन असे रूपांतरित खडक जागोजागी उघडे पडतात, आणि त्यांत मँगनीज आहे. भूशास्त्राच्या ग्रंथांत या खडकांच्या मालिकेस ‘सौंसर समूह’ असेच नाव आहे, तेव्हा जगातील अनेक विद्यापीठांत या तहसिलीचे नाव ती नकाशात कोठे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसांच्या तोंडी असते. नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांतून जाणारा भारताचा सुप्रसिद्ध मँगनीजपट्टा तो हाच. दुसरी दौलत पाण्याची. पांढुर्ण्याकडील काळ्या जमिनीखाली लाव्ह्याचा काळा पत्थर आहे, आणि त्याच्या भेगांत व वरच्या मुरमाड थरात जेवढे पावसाळ्यात मुरेल तेवढ्यावर संत्र्यांच्या बागा उभ्या आहेत.

आता या दोन दौलतींना लागू असलेले कायदे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मँगनीजवर जमीनधारकाचा हक्क चालत नाही, ते सरकारचे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखाली पट्टा घ्यावा लागतो, टनागणिक स्वामित्वधन भरावे लागते, आणि खाणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मालमोटारीस परवान्याचा कागद लागतो. पाण्याचे अगदी उलट. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा असे मानतो, की आपल्या जमिनीखालचे, ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारे पाणी आपल्या हद्दीत काढून वापरण्यास जमीनमालक मुखत्यार आहे. त्याचे ना मोजमाप, ना स्वामित्वधन, ना नोंदवही. ज्याचा बोअर खोल त्याचे पाणी अधिक, आणि शेजाऱ्याची विहीर आटली तर त्याने कोणत्या कचेरीत दाद मागावी याचे धड उत्तर पटवाऱ्यापाशी नाही. एकीचा कागद न् कागद असलेली आणि दुसरीची कसलीच नोंद नसलेली अशा या दोन दौलती एकाच खसऱ्याच्या पोटात नांदतात. माझे म्हणणे एवढेच आहे, की ऊर्जासंक्रमणाचा या जिल्ह्यावरील खरा परिणाम वीजनिर्मितीच्या आकड्यांत दिसणार नाही. तो या नोंद नसलेल्या दुसऱ्या दौलतीवर दिसेल.

आधी मँगनीजचे पाहू, कारण त्याचा इतिहास कागदोपत्री आहे. मध्य प्रांतातील मँगनीजचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभी एकाएकी फोफावला, आणि त्याला १९०५ ची रशियन क्रांती कारणीभूत झाली: कॉकेशसमधील खाणींचा पुरवठा विस्कळीत झाला, युरोपच्या पोलादभट्ट्यांना माल हवा होता, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी तो जवळजवळ पृष्ठभागावर पडला होता. लुइस ली फर्मर या सरकारी भूशास्त्रज्ञाने हा सारा मुलूख पायाखाली घालून १९०९ साली भारतातील मँगनीजसाठ्यांवर जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही अभ्यासक उघडतात. छिंदवाड्यातील सीतापार येथे सापडलेल्या एका खनिजास त्याने ‘सीतापाराइट’ म्हटले, जे पुढे बिक्सबाइट या आधीच ठाऊक असलेल्या खनिजाहून वेगळे नसल्याचे ठरले. आणि मँगनीजधारी गार्नेट व गारगोटी यांच्या एका खडकास गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हटले. खडकाला नाव मिळालेल्या या समाजाला खाणींचे पट्टे मात्र मिळाले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर, १९६२ साली, येथे मँगनीज काढणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीच्या वारशातून मॉइल ही कंपनी उभी राहिली. तिचे मुख्यालय नागपुरात आहे, ती आज केंद्र सरकारच्या मालकीचा उद्योग आहे, आणि २०२४-२५ मध्ये तिने सुमारे अठरा लाख टन मँगनीज काढले. देशातील निम्म्याच्या आसपास उत्पादन तिचे. तरीही आपल्या भट्ट्यांना ते पुरत नाही, आणि दक्षिण आफ्रिका, गॅबन यांसारख्या देशांतून जहाजे भरभरून माल येतो. जगातील मँगनीजपैकी सुमारे नऊ दशांश पोलादातच जाते. विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांत ते वापरले जाते म्हणून अलीकडे त्याचा ‘भविष्यातील धातू’ असा गवगवा होतो, पण बॅटरीला लागणारे अतिशुद्ध मँगनीज सल्फेट नव्वद टक्क्यांहून अधिक चीनमध्ये तयार होते. अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी मँगनीजचा आपल्या महत्त्वाच्या खनिजांच्या याद्यांत समावेश केला. भारताने २०२३ साली तीस खनिजांची यादी प्रसिद्ध केली तीत ते नाही. मला ही त्रुटी वाटत नाही. जे खनिज देशात आहे आणि ज्याचा मोठा उपयोग अजून पोलादातच आहे, त्याविषयी हाकाटी न करणे हा शहाणपणाच झाला.

या धातूचे संक्रमणाशी खरे नाते भट्टीत आहे. पोलादात घालायचा सिलिकोमँगनीज हा मिश्रधातू एक टन करण्यास सुमारे चार हजार युनिट वीज लागते. म्हणजे कच्चा माल ज्या गावात निघतो त्या गावी भट्टी उभी राहील की नाही हे धातूच्या अंतरावर कमी आणि विजेच्या दरावर अधिक ठरते. म्हणूनच रायपूर, दुर्गापूर आणि विजयनगरम येथे भट्ट्या धडधडतात, आणि सौंसरसारख्या तहसिलीतून माल कच्चाच बाहेर जातो. आता युरोपीय संघाने आयात मालातील कार्बनवर सीमाकर बसवला आहे. त्याची केवळ माहिती देण्याची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि प्रत्यक्ष आकारणी २०२६ च्या जानेवारीपासून. त्याच्या यादीत फेरोमँगनीज हा दुसरा मिश्रधातू आहे. सिलिकोमँगनीज वगळलेले आहे. कोणाच्या तरी मसलतीत एका ओळीवर काट मारली गेली आणि त्या एका ओळीवर कोणत्या भट्टीला कार्बनचा दंड बसेल हे ठरले. धोरण म्हणतात ते पुष्कळदा असे असते.

खनिज संपते, ही गोष्ट अर्थशास्त्राला १९३१ सालापासून नीट ठाऊक आहे, जेव्हा हॅरॉल्ड हॉटेलिंगने दाखवून दिले की खाणीचा मालक दरवर्षी स्वतःशी एकच हिशेब करत असतो: आज काढून पैसा व्याजी लावावा, की माल जमिनीतच राहू देऊन त्याचा भाव चढण्याची वाट पाहावी. १९७७ साली जॉन हार्टविकने त्यास जोड दिली, की संपणाऱ्या दौलतीचे उत्पन्न खाऊन न टाकता दुसऱ्या टिकाऊ भांडवलात गुंतवले, तरच पुढील पिढी गरीब होत नाही. भारतात या विचाराची अस्पष्ट छाया २०१५ च्या कायदादुरुस्तीत पडली. जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि जुन्या पट्टेदारांनी स्वामित्वधनाच्या तीस टक्के, लिलावात पट्टा घेतलेल्यांनी दहा टक्के रक्कम त्यात भरावी असे ठरले. हा पैसा खाणींच्या गावांसाठी आहे, आणि त्याच्या खर्चाच्या बाबींत पिण्याचे पाणी व आरोग्य यांच्याबरोबर सिंचन, ऊर्जा आणि पाणलोट विकास याही आहेत. ही शेवटची नोंद वाचकाने ध्यानात ठेवावी.

पाण्याकडे वळताना प्रथम संत्र्याच्या झाडाविषयी लिहावे लागते, कारण शहरी वाचकाला फळ ठाऊक असते, बहार ठाऊक नसतो. नागपुरी संत्र्याला नैसर्गिकपणे फुलोरा येऊ न देता बागवान त्याला मुद्दाम पाण्याचा ताण देतो, आणि मग पाणी सोडले की झाड एकदम फुलते. ताण हिवाळ्याच्या तोंडी देऊन जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा घेतला तर तो आंबिया बहार. त्याची फळे दिवाळीच्या आसपास उतरतात. ताण उन्हाळ्यात देऊन जून-जुलैच्या पावसावर फुलोरा घेतला तर तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चात येतात. वरवर पाहता हा केवळ हंगामाचा फरक आहे. प्रत्यक्षात तो पाण्याच्या जमाखर्चाचा फरक आहे: आंबियाची कोवळी फळे एप्रिल-मेच्या उन्हात झाडावर लटकलेली असतात आणि त्या दोन महिन्यांत पाणी तुटले तर ती गळून पडतात, तर मृगाच्या झाडाला त्याच दिवसांत मुद्दाम तहानेले ठेवलेले असते. ज्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असते तो आंबिया घेतो; ज्याची विहीर आटते तो मृगावर राहतो. पिढ्यान्‌पिढ्या ही निवड भूगर्भानेच केली, आणि तिच्यामुळे उपशाला आपोआप मर्यादा पडत गेली.

हवामानाने या व्यवस्थेस आधी धक्का दिला. मृगाचा सारा डाव वेळेवर येणाऱ्या पावसावर असतो. पाऊस लांबला, किंवा एकदा येऊन तीन आठवडे दडी मारून बसला, तर फुलोरा फुटत नाही आणि वर्ष वाया जाते. फेब्रुवारी-मार्चातील गारपीट तर मृगाची तयार फळे आणि आंबियाचा मोहोर दोन्ही एकाच तासात झोडपून काढते. पाऊस जसजसा बेभरवशाचा होतो, तसतसा शहाणा बागवान आंबियाकडे सरकतो, कारण आंबियात जोखीम पावसावरून उठून पंपावर येते. अर्थशास्त्राच्या भाषेत हे हवामानाशी ‘जुळवून घेणे’ आहे; भूजलाच्या दृष्टीने ते उन्हाळ्यातील वाढते देणे आहे. संत्र्याचे झाड पाच-सहा वर्षांनी बऱ्यापैकी फळावर येते, आणि कपाशीप्रमाणे यंदा नको म्हणून बाग मोडता येत नाही. त्यामुळे मे महिन्यात बागवान पाण्यासाठी जी किंमत द्यायला तयार होतो तिला जवळजवळ सीमा नसते: बोअर आणखी शंभर फूट खाली, टँकर, शेजाऱ्याशी करार, काय वाटेल ते.

या उपशाचा लगाम आजवर कशाच्या हाती होता? विजेच्या. मध्य प्रदेशात मीटर नसलेल्या, दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कायम पंपांना अश्वशक्तीमागे वर्षाला सातशे पन्नास रुपये असा ठोक दर आहे; पाच अश्वशक्तीच्या पंपाला तीन हजार सातशे पन्नास. एकदा ही रक्कम भरली की पुढच्या प्रत्येक तासाची वीज बागवानाला फुकट पडते, मग पंप एक तास चालो की दहा. सरहद्दीपलीकडे महाराष्ट्राने २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज पूर्ण मोफत केली, तेव्हा त्या बाजूचा हा नाममात्र ठोक दरही गेला. दोन्हीकडे भावाने लगाम लावणे कधीच सुटले. उरला तो तासांचा लगाम. थ्री फेज वीज ठरावीक तासच येणार, तीही पुष्कळदा रात्री, आणि डिसेंबरच्या थंडीत बॅटरी हातात घेऊन सापाविंचवाच्या बांधावरून आळ्यांत पाणी सोडण्यास जाणाऱ्या माणसाला या व्यवस्थेबद्दल प्रेम वाटण्याचे काहीच कारण नाही. पण हा क्रूर आणि ओबडधोबड लगामच पाणी वाचवत होता, हे अप्रिय सत्य मान्य केल्याविना पुढचा हिशेब जमत नाही.

सौरऊर्जा हाच लगाम सोडते. २०१९ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या कुसुम योजनेत सौरपंपांना मोठे अनुदान आहे. महाराष्ट्राच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत तर सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा अवघा दहा टक्के. वीज मंडळांना ती हवी, कारण दिवसाची सौर वीज स्वस्त झाली आहे (मध्य प्रदेशातच रेवा येथील प्रकल्पाच्या लिलावात २०१७ साली पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे इतका उतरला होता) आणि शेतीचा भार रात्रीवरून दिवसावर आणला की अनुदानाचा बोजा हलका होतो. शेतकऱ्याला ती हवी, कारण रात्रीचा जाच संपतो. हवामानधोरणाला ती हवी, कारण कोळसा वाचतो. तिघेही आपापल्या हिशेबात बरोबर आहेत. फक्त ज्या एप्रिल-मेच्या महिन्यांत सूर्य सर्वाधिक तळपतो, त्याच महिन्यांत विहिरीची पातळी सर्वांत खाली असते, आणि त्याच महिन्यांत आंबियाच्या बागेला पाण्याची निकड असते. ही गाठ तिघांपैकी कोणाच्याही वहीत लिहिलेली नाही. ठिबकने हा प्रश्न सुटेल असे म्हणणाऱ्यांनी जेव्हन्सचा १८६५ सालचा कोळशावरील ग्रंथ आठवावा: यंत्र काटकसरीचे झाले की माल कमी लागत नाही, यंत्रांची संख्या वाढते. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर दोन एकरांची बाग तीन एकरांची होते, आणि बागवानाच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

यावर एक तोडगा गुजरातेत करून पाहिला गेला. खेडा जिल्ह्यातील धुंडी गावी २०१६ साली सौरपंपधारकांची सहकारी मंडळी निघाली. पंप वीजजाळ्याला जोडलेले, आणि पाणी उपसून उरलेली वीज मंडळीने वीज कंपनीस विकायची. अर्थशास्त्रज्ञ तुषार शहा यांनी मांडलेली कल्पना अशी, की सूर्यप्रकाश हेच एक विकाऊ पीक झाले, तर शेतकरी पाणी उपसण्यापूर्वी विचार करील. पांढुर्ण्याच्या संदर्भात हा हिशेब करून पाहावा. पाच अश्वशक्तीच्या पंपाच्या सौरपट्ट्या स्वच्छ दिवशी वीस युनिट वीज देतील; तीन रुपये दराने साठ रुपये. मे महिन्यात, गळू लागलेल्या आंबियासमोर, साठ रुपयांसाठी कोणी पंप बंद ठेवणार नाही. पण वर्षातले दोनशे दिवस असे असतात की बागेला पाणी नकोच असते. त्या दिवसांचे बारा हजार होतात, आणि ते हाती येऊ लागले तर नव्या झाडांसाठी आणखी एक बोअर घ्यावा की नाही, आंबियाऐवजी मृगावर थांबावे की नाही, या निर्णयात त्यांचे वजन पडते. म्हणजे हा भाव मेमधल्या उपशाला रोखणार नाही, पण मेमध्ये किती झाडे तहानेली असतील ते काही अंशी ठरवील. त्यासाठी पंप जाळ्याला जोडलेला असला पाहिजे, आणि येथेच योजनांची दिशा चुकते: वीजजाळ्यापासून अलग असलेल्या पंपाला विकण्यासारखे काहीच नसते, म्हणून तो उरलेल्या उन्हात शेजाऱ्याला पाणी विकतो, किंवा पडीक तुकड्यात नवे वाफे भरतो.

सिंचनाचा लाभ मोजावा कसा हे आपल्याला नागपुरात वाढलेल्या धनंजयराव गाडगीळांनी शिकवले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्रांची पाहणी करून त्यांनी १९४८ साली प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांचा जो तपशील मांडला, तो या देशातील अशा अभ्यासांचा पाया मानला जातो. परंतु कालव्याचे पाणी वरून येते, त्याला दार असते, दारावर पाटकरी असतो. भूजलाला दार नाही. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी (ज्यांना त्यासाठीच २००९ मध्ये नोबेल मिळाले) १९९० साली हे दाखवले की अशी सामाईक दौलत सरकार आणि बाजार या दोहोंखेरीज वापरणाऱ्यांच्या आपसांतल्या नियमांनीही टिकते; मराठी वाचकाला त्याचा दाखला हिवरेबाजारात मिळतो, जेथे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद करते आणि सिंचनासाठी बोअर घेण्यास मनाई आहे. या मुलखात त्याला एक अनुकूल बाजू आहे, ती म्हणजे काळ्या पत्थराची भूजलकुंडे लहान असतात. एका बोअरचा परिणाम दूर नव्हे, तीन बांधांपलीकडच्या विहिरीवर दिसतो, आणि ज्याच्यावर परिणाम झाला तो माणूस ओळखीचा असतो. प्रतिकूल बाजू अशी, की केंद्राची अटल भूजल योजना सरहद्दीपलीकडे नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांत आली, वरूड-मोर्शीच्या उपसून कोरड्या झालेल्या संत्रापट्ट्याची चर्चा तरी झाली, पण मध्य प्रदेशात तिच्या वाट्याला बुंदेलखंडाकडचे जिल्हे आले आणि घाटाखालच्या या दोन तहसिली बाहेर राहिल्या.

तेव्हा पैसा कोठून यावा, हा प्रश्न उरतो. आणि तो फार मोठ्या पैशाचा नाही. गावोगाव निरीक्षण-विहिरी, पंपांवर मीटर, दिवाळीनंतर ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडील असा एक शिकलेला माणूस, आणि पंप जाळ्याला जोडण्याचा जादा खर्च. मँगनीजच्या स्वामित्वधनातून निघणाऱ्या प्रतिष्ठानच्या पैशाला पाणलोट आणि ऊर्जा या दोन्ही बाबी वर्ज्य नाहीत, तेव्हा संपणाऱ्या दौलतीचे उत्पन्न मुरणाऱ्या दौलतीत घालण्याची हार्टविकने सांगितलेली रीत येथे कायद्याच्या चौकटीत बसते. अडचण नकाशाची आहे. प्रतिष्ठानचा पैसा खाणबाधित गावांसाठी. खाणी सौंसरच्या मोजक्या मौजांत, तर बागा दोन्ही तहसिलींत पसरलेल्या. बाधित क्षेत्राची व्याख्या जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने कशी करावी, पांढुर्ण्याच्या एखाद्या बागायती मौजाला त्यात जागा मिळावी की नाही, आणि मिळाली तर सौंसरच्या खाणीकाठच्या गोंड वस्तीचा वाटा त्यातून कापला जाणार नाही याची हमी कोणी द्यावी, हे प्रश्न नव्या जिल्ह्याच्या दफ्तरापुढे आहेत.